वाचकांचे प्रश्न : स्लॅशर सिनेमा आणि वयात येणारी मुलं

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. मैत्रिणीकडे रात्री राहायला जाणार आहे आणि तिथे सगळ्या मिळून एक स्लॅशर सिनेमा (एकामागून एक खून करत सुटलेल्या माणसाचा भयपट) बघणार आहेत. त्याला अमेरिकेत 'आर' हा वयाचा शिक्का मिळालाय. नाही म्हटलं तर ती एकटी पडेल, हो म्हणायचं तर मला सिनेमाची काहीच कल्पना नाही. कसं ठरवू?

उत्तर : नुसत्या 'आर'वरून फारसं कळत नाही. १७ वर्षांखालच्यांनी थिएटरात पालक किंवा मोठ्या माणसाबरोबरच बघावा, एवढाच त्याचा अर्थ. शिव्यांनी भरलेला विनोदी सिनेमा आणि आतडी बाहेर काढणारा सिनेमा, दोघांनाही तोच शिक्का मिळतो. त्यापेक्षा ब्रिटनमध्ये त्याला '१५' मिळालंय की '१८' (म्हणजे त्या वयाखालच्यांना मनाई), ते बघा. तिथलं शिक्के देणारं मंडळ, बीबीएफसी, '१५'मध्ये बरीच हिंसा चालवून घेतं, पण वेदना आणि जखमा यांवर दृश्य रेंगाळलेलं सहसा चालवून घेत नाही. आपल्याला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कारणंही वाचायला मिळतात. जुन्या सिनेमांच्या बाबतीत मात्र हा आकडाही फसवतो. १९७८च्या 'हॅलोवीन'मध्ये रक्त जवळजवळ दिसतच नाही, तरी तो '१८'मध्ये बसला. त्यातली भीती दबा धरून बसणाऱ्या माणसाची आहे.

म्हणून थोडा तरी सिनेमा स्वतः बघाच. दीड तास नसेल तर सुरुवातीची दहा मिनिटं (पहिला खून बहुधा तिथेच उरकलेला असतो), मधला एखादा खून आणि शेवटची वीस मिनिटं बघा. आवाज बंद करून बघू नका. दचकवण्याचं निम्मं काम आवाजच करतो. मुका सिनेमा बघून 'एवढं काही नाही' असं वाटतं आणि अंदाज चुकतो.

वार होतो त्या क्षणी कॅमेरा कुठे आहे, हे पाहा. सावलीकडे किंवा भिंतीकडे वळला, की जखमेवरच थांबला? पहिल्या वारापासून मरेपर्यंत किती सेकंद जातात, तेही मोजा. दोन-तीन सेकंदांत संपणारा, पिचकारीसारखं रक्त उडवणारा खून मुलं बऱ्याचदा हसण्यावारी नेतात. अर्धा मिनिट गयावया करणारं माणूस त्यांच्या डोक्यातून जात नाही. आमच्या मते रक्त किती आहे यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, या प्रकारच्या सिनेमांची जुनी खोड : प्रेमप्रसंग झाला की लगेच त्या मुलीचा खून, तोही बहुतेक वेळा अर्धवट कपड्यांत. चौदा वर्षांच्या मुलीसाठी सुऱ्यापेक्षा हे जास्त खटकण्यासारखं आहे. लैंगिक अत्याचाराचं दृश्य असेल तर मात्र शिक्का कुठलाही असो, सरळ नाही म्हणा.

तिसरी गोष्ट, खून घडतात कुठे? लहान मुलं राक्षसांना घाबरतात. या वयात खरोखर घडू शकेल अशा गोष्टींची भीती वाढते. त्यामुळे मागच्या दारातून शिरलेला मुखवट्यातला माणूस भुतापेक्षा जास्त दिवस छळतो, आणि तुमची मुलगी त्या रात्री परक्या घरात झोपणार आहे.

हो म्हणायचं ठरवलं तर मैत्रिणीच्या आईला फोन करा. मोठं कोणी घरात असेल का, सिनेमा नक्की कोणता, धाकटी भावंडं जागी असतील का, हे विचारा. मुलीशी एक परवलीचा शब्द ठरवा. तिने फोनवर तो उच्चारला की तुम्ही काहीतरी निमित्त काढून तिला घेऊन यायचं आणि दोष स्वतःवर घ्यायचा. मग मैत्रिणींसमोर तिला मान खाली घालावी लागत नाही.

प्रश्न : एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्या दिसतात, एक चार मिनिटांनी लांब. फरक कशाचा?

उत्तर : लांब आवृत्तीवर 'अनरेटेड' लिहिलं असेल तर ती अमेरिकेत शिक्क्यासाठी तपासलेली नाही. शिक्का मिळावा म्हणून कापलेले तुकडे बऱ्याचदा तिथेच परत जोडलेले असतात. सगळी परीक्षणं आणि शिक्के छोट्या आवृत्तीचे, आणि मुलं बघतात ती मोठी, असा घोळ होतो. फरक बरोबर चार टक्क्यांचा असेल, म्हणजे १०० मिनिटांचे ९६, तर कदाचित काहीच कापलेलं नसेल : युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी पळतो. आणि ट्रेलरवर जाऊ नका. तो बहुधा सगळ्यांना दाखवता यावा म्हणून सौम्य केलेला असतो.

प्रश्न : सोळा वर्षांचा मुलगा खुनाच्या दृश्यांना खदाखदा हसतो. काळजी करावी का?

उत्तर : सहसा नाही. हसून ताण सुटतो, आणि मित्रांसमोर आपण घाबरलो नाही हेही दाखवता येतं. खऱ्या मारहाणीचे, अपघातांचे व्हिडिओ तो शोधून बघत असेल किंवा प्राण्यांना इजा करत असेल, तर ती वेगळी बाब आहे, समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाने चोरून असा सिनेमा पाहिला. चार रात्री झोप नाही. आता काय?

उत्तर : रागावणं पुढे ढकला. आता रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. दिवसाउजेडी विचारा, नेमकं कोणतं दृश्य आठवतं? त्याला ते सांगू दे, मध्ये तोडू नका. मग सिनेमा कसा बनवतात याचा व्हिडिओ एकत्र बघा : मक्याच्या पाकात रंग घालून केलेलं रक्त, मुठीत सरकणारं पातं, रबराची कातडी. 'भीती मोडायची' म्हणून तोच सिनेमा पुन्हा बघायला लावू नका.

पहिले काही दिवस दिवा चालू आणि दार उघडं ठेवायला हरकत नाही. नंतर दिवा मंद करा, मग तो बाहेरच्या खोलीत न्या. दोन-तीन आठवड्यांनीही एकट्याने झोपणं जमत नसेल, शाळा किंवा जेवण बिघडलं असेल, तर डॉक्टरांना भेटा. रोज रात्री त्याच्यासोबत कपाटं आणि पलंगाखाली तपासत फिरू नका. रोज तपासलं की तिथे कोणीतरी असू शकतं, हेच त्याच्या मनात पक्कं होतं.