देवगडहून निघण्यापूर्वी: कम्युनिटी कॉलेजातल्या ‘सेल्फ-पेस्ड’ संगणक अभ्यासक्रमाविषयी

सप्रेम नमस्कार ताई,

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. नणंदबाईंनी भावासाठी भरलेल्या, अमेरिकेत स्थायिक होण्याच्या अर्जाचा नंबर दहा वर्षांहून अधिक काळ थांबल्यावर आता लागत आला आहे, आणि मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत झाली की देवगड तालुक्यातले घर व आंब्याच्या कलमांची बाग धाकट्या दिरांवर सोपवून तुम्ही दोघे कॅलिफोर्नियात येणार आहात. तुमचे बी.कॉम. १९९९ सालचे आहे, एमएस-सीआयटी झालेले आहे, इंग्रजी ४० ची टायपिंगची परीक्षा दिलेली आहे आणि बागेचा हिशेब तुम्हीच लिहिता. इकडे आल्यावर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा, तो ‘सेल्फ-पेस्ड’ म्हणजे आपल्या सवडीने करायचा असतो, असे नणंदबाईंनी सांगितले आहे. तो नोकरी सांभाळून होईल का, एमएस-सीआयटी झाले असताना त्याची गरज आहे का, आणि तिथे बसूनच तो सुरू करता येईल का, हे तुम्हांला हवे आहे.

मी २०१७ साली दापोली तालुक्यातून याच मार्गाने इकडे आले. हा अभ्यासक्रम मी एकदा अर्धवट सोडला आणि दुसऱ्या खेपेस पुरा केला, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम जरूर करावा, परंतु आल्या आल्या पहिल्याच वर्षी पैसे भरून करू नये आणि तिथून तर मुळीच सुरू करू नये, असे माझे मत आहे.

याचे कारण फी. कॅलिफोर्नियात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि राज्याच्या रहिवाशांना एक अपवाद सोडता त्या सर्वांत एका युनिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याच्या एककाला) ४६ डॉलर हा एकच दर आहे, जो २०१२ पासून बदललेला नाही. संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम बहुधा तीन युनिटांचा असतो, म्हणजे १३८ डॉलर आणि वर किरकोळ शुल्के. मात्र ‘रहिवासी’ ठरण्यासाठी सत्र सुरू होण्यापूर्वी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. तोवर तुम्ही बाहेरच्या विद्यार्थिनी ठरता आणि त्याच एका युनिटला तीनशे-चारशे डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. देवगडला बसून नाव घातलेत तर हाच चढा दर पडेल, आणि ते दिवस तुमच्या वर्षात धरलेही जाणार नाहीत. उत्तरे पाठवण्याची मुदत इकडच्या रात्री ११:५९ ची असते, तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. परीक्षेच्या ऐन वेळी वीज गेली तर काय, हे मी तुम्हांला सांगायला नको.

पहिले वर्ष तरीही वाया जात नाही. याच कॉलेजांत ‘नॉन-क्रेडिट’ नावाचे वर्ग असतात. त्यांना शिकवणीची फी नसते आणि वर्षभराच्या वास्तव्याची अटही नसते. इंग्रजी संभाषण, कीबोर्ड, वर्ड आणि एक्सेलची ओळख असे विषय त्यांत मिळतात. या वर्गांचे गुण पदवीला जोडले जात नाहीत, म्हणून आपले लोक त्यांना कमी लेखतात. मला तसे वाटत नाही. इंग्रजी बोलण्याची माझी भीड तिथेच मोडली. वर्ष पुरे झाल्यावर उत्पन्न कमी असेल तर ‘कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट’साठी अर्ज करावा, म्हणजे ४६ डॉलरांची फीसुद्धा माफ होऊ शकते. कॅलब्राइट नावाचे एक सरकारी कॉलेज पूर्णपणे ऑनलाइन, आपल्या गतीने शिकण्याचे आणि राज्यातल्या रहिवाशांना मोफत आहे, त्याचीही माहिती काढून ठेवावी.

आता ‘सेल्फ-पेस्ड’ या शब्दाकडे वळते, कारण मी फसले ती याच शब्दाला. आपली समजूत अशी होते की वेळ मिळेल तेव्हा धडा उघडावा, नाही मिळाला तर पुढच्या महिन्यात बघावे. वास्तविक मोकळीक असते ती आठवड्याच्या आत, कोणत्या वारी आणि किती वाजता बसायचे एवढीच. सत्राला आरंभ असतो तसा शेवटही असतो आणि तो कोणासाठी हलत नाही. तीन युनिटे म्हणजे सोळा-सतरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला सुमारे नऊ तासांचे काम, असा हिशेब धरलेला असतो. तोच अभ्यासक्रम उन्हाळ्याच्या आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला तर तास दुप्पट होतात.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी नाव घातले तेव्हा एका किराणा दुकानात गल्ल्यावर उभी राहत होते. गणपती झाले, नवरात्र झाले, करंज्यांचे सारण झाले, आणि प्रत्येक वेळी हा सण आटोपला की बसू असे मी स्वतःला सांगत राहिले. दिवाळीनंतर खरोखर बसले तेव्हा बारा धड्यांपैकी तीन झाले होते आणि नाव काढून घेण्याची शेवटची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. नापास होण्यापेक्षा बरे म्हणून नाव काढले. गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ हे अक्षर आले ते आजही तिथे आहे.

या तारखांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्या कोणी तोंडी सांगत नाही. कॉलेजच्या वेळापत्रकात बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. पहिली तारीख फी परत मिळण्याची, पूर्ण सत्राला साधारणतः पहिल्या दोन आठवड्यांत येणारी. दुसरी, गुणपत्रिकेवर काहीही खूण न राहता नाव काढता येण्याची. तिसरी ‘डब्ल्यू’ घेऊन बाहेर पडण्याची, जी सत्राचा सुमारे पाऊण भाग उलटेपर्यंत असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे नापास नव्हे, परंतु तो एक प्रयत्न मोजला जातो, आणि ‘डब्ल्यू’ किंवा नापासाचे शेरे येत गेले तर एकच अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे तीनच वेळा घेता येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे पहिल्या आठवड्यात स्वतःची ओळख लिहिण्याचे किंवा छोटी प्रश्नावली सोडवण्याचे काम असते. ते क्षुल्लक समजून टाळले तर तुम्ही वर्गात ‘आलाच नाहीत’ असे धरून शिक्षक तुमचे नाव काढून टाकतात. आपल्याकडे हजेरीला ‘हजर’ म्हणायचो, तसलाच हा प्रकार.

एमएस-सीआयटीचे श्रेय (क्रेडिट) इथे मिळत नाही. ज्ञान मात्र वाया जात नाही: फाइली आणि फोल्डर, वर्डमधला मजकूर, एक्सेलची साधी बेरीज, पॉवरपॉइंट हे सारे तुम्हांला ओळखीचे वाटेल. नवे असेल ते अ‍ॅक्सेस (मायक्रोसॉफ्टचे माहितीचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर), एक्सेलमधली पुढची सूत्रे आणि उत्तरे तपासण्याची पद्धत. या शेवटच्या गोष्टीने मला सर्वांत अधिक छळले.

उत्तरे माणूस तपासत नाही, प्रकाशकाचे सॉफ्टवेअर तपासते. ते तुम्हांला एक तयार फाइल उतरवून घ्यायला सांगते, तिच्यात पंचवीस-तीस पायऱ्यांची कामे करायची असतात, आणि फाइल परत चढवली की मिनिटभरात गुण येतात. पहिल्या एक्सेलच्या कामाला मी त्यांची फाइल बाजूला ठेवली आणि कोऱ्या पानावर सगळा तक्ता स्वतः उभा केला. रकाने, रंग, बेरजा, सारे बिनचूक होते. गुण मिळाले शून्य, कारण त्या उतरवलेल्या फाइलीत विद्यार्थ्याची छुपी खूण असते आणि ती नसलेली फाइल यंत्र ओळखत नाही. दुसऱ्या कामात मी ७ एप्रिल ही तारीख आपल्या सवयीने ७/४ अशी लिहिली, यंत्राने ती ४ जुलै वाचली आणि तिच्यावर आधारलेले पुढचे तीन रकाने चुकले. तिसऱ्यात कागद ए-फोर ठेवला म्हणून गुण गेले, कारण इकडे साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब असा ‘लेटर’ कागद चालतो. स्वल्पविरामांचेही तेच: आपण १२,३४,५६७ लिहितो, इथला एक्सेल १,२३४,५६७ लिहितो, आणि लाखांची सवय असलेल्या डोळ्यांना तो आकडा पहिले काही दिवस वाचताच येत नाही.

अशा वेळी शिक्षकांकडे जावे. प्रत्येक शिक्षक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतो, ऑनलाइन अभ्यासक्रमातसुद्धा, आणि बहुतेक वेळा तिथे कोणीच फिरकत नाही. मी ‘सर’ म्हणून सुरुवात केली तेव्हा नुसत्या नावाने हाक मारा असे ते म्हणाले, जे मला अजूनही जमत नाही. ते शून्य त्यांनी दुरुस्त करून दिले.

दुसऱ्या खेपेस, २०२० च्या उन्हाळी सत्रात, त्यांचा उपयोग याहून मोठा झाला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, माहेरच्या घराचे पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, आणि फोनचे मनोरे बंद पडल्यामुळे कित्येक दिवस आई-वडिलांशी बोलणे झाले नाही. गावात वीज यायला तर त्यानंतरही आठवडे लागले. सत्र सुरू होताच मी शिक्षकांना चार ओळींची ईमेल लिहिली: काय झाले, कोणते दोन धडे मागे पडतील आणि ते मी केव्हा देईन. त्यांनी त्याच दिवशी मुदत वाढवून दिली. मुदत संपण्याआधी लिहिले म्हणूनच हे झाले, असे त्यांनी नंतर सांगितले.

लॅपटॉप विंडोजचा घ्यावा. स्वस्त पडते म्हणून क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) घेऊ नये, कारण त्याच्यावर संगणकात बसवायचे पूर्ण ऑफिस चालत नाही, आणि अ‍ॅक्सेस तर मॅकवरही चालत नाही. कॉलेजचा ईमेल पत्ता मिळाल्यावर ऑफिस बहुधा फुकट मिळते, तेव्हा बाजारातल्या दुकानदाराने ‘टाकून दिलेले’ ऑफिस घेऊन येऊ नका. पुस्तक विकत घेण्याची घाई करू नये. तपासणीच्या सॉफ्टवेअरचा परवाना अनेकदा पुस्तकासकट मिळतो, आणि जुन्या पुस्तकातला वापरलेला परवाना पुन्हा चालत नाही. निघण्यापूर्वी मुंबई विद्यापीठाकडून बी.कॉम.च्या ट्रान्स्क्रिप्टच्या (विषयवार गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या) सीलबंद प्रती मात्र काढून ठेवाव्यात. पुढे हिशेबनिसाचे शिक्षण घ्यावेसे वाटले तर पदवीचे मूल्यमापन त्यांवरूनच होते, आणि इथून त्या मागवणे म्हणजे दिरांना हेलपाटे.

तुमच्या हातात तयारीचे सर्वांत चांगले साधन आहे आणि ते कोणत्याही क्लासात मिळणार नाही. वाशीच्या दलालांकडून येणाऱ्या गेल्या हंगामाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) काढा आणि एक्सेलमध्ये बसवा. एका रकान्यात तारीख, महिना आधी लिहून. मग दलाल, पेट्या, पेटीत किती डझन, भाव, एकूण रक्कम, आणि पुढे हमाली, गाडीभाडे व दलाली. दलालीचा टक्का प्रत्येक ओळीत न लिहिता वर एकाच चौकटीत लिहा आणि सूत्रात तिचा पत्ता डॉलरच्या चिन्हांनी बांधून टाका, म्हणजे सूत्र खाली ओढताना तो सरकणार नाही. इकडचा डॉलर हाती येण्याआधी हा डॉलर समजलेला बरा. नंतर डझनांप्रमाणे भावाचा वेगळा तक्ता करून व्हीलुकअपने भाव आपोआप आणून पाहा. त्या सूत्राचा चौथा भाग लिहिलाच नाही तर एक्सेल तंतोतंत जुळणारा भाव न शोधता जवळपासचा उचलतो, आणि चार डझनीच्या पेटीला भलताच भाव लागतो. म्हणून तिथे ‘फॉल्स’ लिहावे. वहीतली बेरीज आणि तक्त्यातली बेरीज जुळेपर्यंत सोडू नका. माझा अर्धा अभ्यासक्रम एवढ्यातच होता.

नणंदबाईंचे घर कोणत्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) आहे तेवढे कळवा, म्हणजे जवळच्या कॉलेजात फुकटचे वर्ग संध्याकाळी असतात की फक्त सकाळी, ते इथून फोन करून विचारते.