वाचकांचे प्रश्न : अंगणातले कवठ

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुने काटेरी झाड आहे. कोणी त्याला बेल म्हणतात, तर कोणी कवठ. फळे गाड्यांवर पडतात म्हणून झाड तोडावे, असा काही सभासदांचा आग्रह आहे. एक फळ फोडून पाहिले, तर आत पांढरट, तोंड ओढणारा तुरट गर निघाला. हे झाड कोणते आणि त्याचा उपयोग काय? सोबत एक डहाळी पाठवीत आहे.

उत्तर : महादेवाला वाहतात ते बेलाचे पान त्रिदळ असते. आपण पाठविलेल्या डहाळीवर मात्र एकेका देठावर पाच किंवा सात लहान पर्णिका, जोडीजोडीने आणि टोकाला एक, अशा आहेत. शिवाय पान चुरगळल्यावर बडीशेपेसारखा वास येतो. तेव्हा हे कवठच. दोन्ही झाडे लिंबाच्या कुळातली आणि काटेरी असल्यामुळे ही गल्लत नेहमीच होते. फळांत मात्र ती होऊ नये, कारण बेलफळ गुळगुळीत असून पिकताना पिवळसर होते आणि कवठाची कवटी करडी, खरखरीत राहते. गणपतीच्या श्लोकात लहानपणापासून आपण म्हणतो ते ‘कपित्थ’ म्हणजे हेच फळ.

आपला गर तुरट लागला, यात झाडाचा दोष नाही. फळ कच्चे होते. कवठ पारखण्याची जुनी रीत अशी, की ते वीतदीड वीत उंचीवरून फरशीवर सोडावे. उसळले तर कच्चे, न उसळता जागीच बसले तर तयार. तयार फळही लगेच फोडू नये. मी ते गॅलरीत उन्हाच्या जागी पंधरवडाभर ठेवतो. घरात शिरताच आंबूसगोड वास आला, की ते फोडायला हरकत नसते, आणि तोवर पांढरा गर तपकिरी, मऊ होऊन कवटीपासून सुटू लागलेला असतो.

महाशिवरात्रीच्या सुमारास मंडईत कवठांचे ढीग लागतात, ते मुख्यतः चटणीसाठी. गराइतकाच गूळ, जिरे, तिखट आणि मीठ घालून तो वाटावा. गूळ कमी करण्याचा मोह टाळावा, कारण पिकलेल्या कवठातही आंबटपणा भरपूर असतो. गरात पेक्टिन असल्याने जेली चांगली धरते, आणि नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी तर प्रसिद्धच आहे. आयुर्वेदात अतिसारावर कपित्थाष्टक चूर्ण सांगितले आहे. ते अर्थात वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. खोडातून पाझरणारा डिंक बाभळीच्या डिंकाऐवजी वापरता येतो आणि जलरंगांतही तो वापरला जात असे.

राहिला तोडण्याचा प्रश्न. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी आवारातील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि सभेतील ठराव ही काही परवानगी नव्हे. शिवाय बीपासून वाढविलेले कवठ फळायला पंधरा वर्षे सहज लागतात. गाड्यांची काळजी रास्त आहे, कारण हे फळ दगडासारखे आदळते. त्यासाठी हंगामात झाडाखालची जागा मोकळी ठेवावी आणि तयार फळे आकडीने उतरवून घ्यावीत. ती वाटताना मात्र उन्हात ठेवायची सूचना सोबत द्यावी, नाहीतर आपल्यासारखीच तक्रार घरोघरी होईल.