कोच चिप केलीमुळे ओरेगॉन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमवर बोल गेमची (सीझननंतरच्या मानाच्या मॅचची) बंदी आली होती का?

नाही, बंदीच्या नुसत्या अफवा होत्या. जून 2013 मध्ये एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा) निकाल आला त्यात तीन वर्षं प्रोबेशन (देखरेख), स्कॉलरशिपमध्ये किरकोळ कपात आणि केलीवर 18 महिन्यांचा शो-कॉज (त्या काळात त्याला घेणाऱ्या कॉलेजला एनसीएएसमोर कारण द्यावं लागतं) मुख्यतः एवढंच होतं, आणि तो तर जानेवारीतच एनएफएल या प्रोफेशनल लीगमध्ये ईगल्स टीमकडे गेला होता त्यामुळे त्याला काय फरक पडणार! टीम पुढे जानेवारी 2015 ला नॅशनल फायनलपण खेळली. हडल (प्लेआधी घोळका करून ठरवणं) न करता धडाधड प्ले, फोर्थ डाऊनला (चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) पंट न मारता म्हणजे बॉल लाथेने लांब न देता खेळणं, टचडाऊननंतर एका पॉइंटच्या किकऐवजी टू-पॉइंटचा प्रयत्न, या केलीच्या आक्रमक स्टाईलचा शिक्षेशी काडीचा संबंध नाही, लफडं रिक्रूटिंगचं (टीमसाठी नवे खेळाडू मिळवण्याचं) होतं, एका स्काऊटिंगवाल्याला दिलेल्या 25,000 डॉलरचं. फक्त केली शिक्षा चुकवायला एनएफएलमध्ये पळाला का, हे निकालावरून ठरत नाही.