चौसष्ट घरांपुढची तीन घरे

प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, ही गोष्ट सांगून मी ६४ घरांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ फळ्यावर लिहिली. पटाला आणखी तीन घरे असती तर, असे एका मुलाने विचारले. कॅल्क्युलेटर सुरुवातीचे काही अंक दाखवून थांबतो. ही संख्या नेमकी किती, तिला कशाने भाग जातो आणि ती मूळ संख्या आहे का?
— एक शिक्षक, चाळीसगाव तालुका

उत्तर : कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला तरी चालेल. आपल्या बेरजेत एक मिळवावा, आठाने गुणावे आणि एक वजा करावा, म्हणजे २ च्या ६७व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. आपल्याच तालुक्यात पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद करणारा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावे परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत दिली आहेत, त्या मापाने ही संख्या १,४७५ परार्धांच्या वर जाते.

आता भागाकार. ६४ हा घातांक सम असल्यामुळे आपल्या मूळ बेरजेचे, २ चा ३२वा घात उणे एक आणि अधिक एक, असे दोन अवयव सरळ पडतात. पहिल्याचे पुन्हा तसेच दोन पाडत गेले की ३, ५, १७, २५७ हे विभाजक आपोआप हाती येतात. ६७ ही स्वतःच मूळ संख्या असल्याने ही वाट तिथे बंद होते. २ च्या विषम घाताला ३ ने भागल्यास बाकी नेहमी २ उरते, म्हणून एक वजा केल्यावर १ उरतो आणि ३ ने भाग जात नाही. शेवटचा अंक ७ असल्याने २ आणि ५ हेही बाद होतात. ७ ने भागले तरी बाकी १ च.

एवढ्यावरून ती मूळ संख्या असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि फ्रान्समधील मर्सेन यांनी १६४४ मध्ये तसे लिहूनही ठेवले होते. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती मूळ नाही हे सिद्ध केले, तेही एकही अवयव न शोधता, आणि मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. अवयव मिळाले ते १९०३ मध्ये, अमेरिकेतील कोल यांना : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. घातांक मूळ असलेल्या या जातीच्या संख्येचा कोणताही विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून येतो, हा नियम इथे पडताळता येतो, कारण १९,३७,०७,७२१ म्हणजे १३४ गुणिले १४,४५,५८० अधिक १. नियमामुळे शोध पुष्कळ आखडतो खरा, पण लाखांच्या खाली येत नाही.

मुलांकडून नवाचा ताळा अवश्य करून घ्यावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणून नवाने बाकी १. दुसऱ्याची ६४, बाकी १. गुणाकाराच्या अंकांची १०९, तिचीही बाकी १. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच आहे असे नव्हे, ताळा चुकला तर मात्र तो नक्की चुकला आहे. पूर्ण गुणाकार वहीच्या एका पानात मावतो.

२०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या याच जातीची आहे. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ असून ती चार कोटींहून अधिक अंकांची आहे. तरीही तिचा एकम स्थानचा अंक वर्गात काढता येतो : २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात, घातांकाला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून घाताच्या शेवटी २ आणि एक वजा केल्यावर १.