अमेरिकेत ९११ या आपत्कालीन मदतीच्या नंबरच्या कॉल सेंटरची जुनी यंत्रणा बदलायला अनुदान कुठून मिळेल?

आधी राज्याच्या ९११ कार्यालयाशी बोला. फोनबिलावरचा ९११ अधिभार बऱ्याच राज्यांत तिथूनच वाटला जातो, आणि फेडरल पैसाही बहुधा राज्यामार्फतच येतो. २०१९ मध्ये नेक्स्ट जनरेशन ९११ साठी, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या डिजिटल यंत्रणेसाठी, १० कोटी ९० लाखांहून जास्त डॉलर ३४ राज्यं आणि २ आदिवासी राष्ट्रांना मिळाले. त्यात ४० टक्के वाटा स्वतः उचलायचा होता, आणि अधिभार दुसरीकडे वळवणारी राज्यं अपात्र होती. म्हणून स्थानिक हिश्श्याची सोय आधीच करून ठेवा. फेमा या फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेची होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) अनुदानंही बघा. अर्जात नुसतं ‘यंत्रणा जुनी आहे’ लिहून भागत नाही. गेल्या वर्षी किती कॉल तुटले, मोबाइलवरून बोलणाऱ्याचं ठिकाण किती वेळा सापडलं नाही, हे नोंदींसकट दाखवा. तिथे प्रत्येक सेकंद कुणाच्या तरी जिवाचा असतो!