मोबाइल समोर आला की लेक थिजते

प्रश्न : माझी लेक सहावीत आहे. क्रांतिदिनासाठी शाळेने तीन मिनिटांचं भाषण व्हिडिओवर मागवलंय, विषय हुतात्मा शिरीषकुमार. मी इंटरनेटवरून भाषण काढून दिलं, तिने घडाघडा पाठही केलं. पण मोबाइल समोर आला की थिजते. कागद मोबाइलमागे धरला, तर डोळे ओळींवरून पळताना दिसतात. घरी आम्ही अहिराणी बोलतो, त्यामुळे उच्चारांचीही धास्ती आहे. काय करू? – एक आई, शहादा

उत्तर : ताई, आधी तो कागद बाजूला टाका. त्याची सुरुवात 'व्यासपीठावरील मान्यवर' अशीच असणार! घरात कपाटापुढे उभं राहून कुठलं व्यासपीठ नि कुठले मान्यवर? परीक्षक म्हणून बसले की तिसऱ्या व्हिडिओलाच मला जांभई येते, ती याच साच्यामुळे.

शिरीषकुमारची गोष्ट तिला तोंडी सांगा. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत तिरंगा हाती घेऊन तो गोळ्यांपुढे उभा राहिला. वजाबाकी लेकीलाच करू द्या. सोळावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं, हे तिचं तिला सापडलं की 'कोवळ्या वयात' वगैरे घोकावं लागत नाही. 'आमच्या शेजारच्या दहावीतल्या दादाएवढा' असं ती म्हणाली, तर ऐकणारा सावरून बसेल. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे चौघेही गेले. बहुतेक भाषणांत ही नावं गळतात. ती तिने सावकाश, एकेक करून घ्यावीत. नंदुरबार तुम्हाला लांब नाही. एखाद्या रविवारी एसटीने जाऊन स्मारक दाखवून आणा.

अहिराणीची धास्ती कशाला? मी तर तिला भाजीवाली करीन. आजीचं लुगडं, पुढ्यात टोपली, समोरून मिरवणूक चाललीय. ती हाक मारते, 'कथा जाई राह्यना रे भाऊ?' एवढं एकच वाक्य. मग टोपली सारून उठायचं आणि पुढची हकिकत शाळेच्या मराठीत सांगायची. भाजीवाली आपण रचलेली आहे, हे मात्र भाषणात सांगून टाका. तारखा आणि नावं जशीच्या तशी हवीत. 'गोळी'ची 'गोयी' होत असेल, तर तसे चार शब्द रोज घोटून घ्या. बाकी आपल्या बोलीचा हेल राहू द्या, मला तो गोड लागतो.

पाठांतराऐवजी तिला चार चित्रं काढायला सांगा: टोपली, झेंडा, चौक, पाच नावं. त्या क्रमाने बोलायचं. शब्द रोज थोडे बदलतील, बदलू द्या. तीन मिनिटांत तीनशेच्या आसपास शब्द पुरतात. जास्त कोंबलेत तर धापा टाकेल.

थिजण्याचं म्हणाल, तर मोबाइलला गोष्ट सांगणं मोठ्यांनाही जमत नाही. ओट्यावर डबे रचून मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आडवा ठेवा आणि त्याच्या बरोब्बर मागे आजीला बसवा. लेकीने आजीला सांगायचं. आजीने 'मग?' म्हटलं तरी चालेल, तेवढं नंतर कापता येतं. तुम्ही मात्र खोलीबाहेर. मागे उभं राहून ओठ हलवणारी आई मला व्हिडिओत लगेच ओळखू येते, पोरीची नजर सारखी तिकडे जाते ना!

प्रश्न : मुलाच्या नाट्यछटेच्या व्हिडिओत आवाज घुमतो आणि चेहरा काळा येतो. मागे संगीत टाकलं तर झाकलं जाईल का? – एक वडील, चोपडा

उत्तर : संगीताने घुमणं झाकत नाही, पोराचा आवाज तेवढा बुडतो. रिकाम्या खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून गोधड्या-गाद्या असलेली खोली निवडा, पंखा बंद करा आणि मोबाइल दोन-तीन हातांवर आणा. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाची सर ओसरू द्या. चेहरा काळा येतो, कारण खिडकी त्याच्या पाठीमागे आहे. त्याला खिडकीकडे तोंड करून उभं करा. कॅमेऱ्याची काच सुती फडक्याने पुसा, मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात मामाचा फोन येतो. शाळेच्या ग्रुपवर पाठवताना व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे चित्र फिसकटत नाही.