जिनसेंगची मुळी विकायची घाई नको

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात 1 सप्टेंबरला जिनसेंग, म्हणजे रानातली औषधी मुळी, खणायचा हंगाम उघडला की पहिल्याच आठवड्यात ओल्या मुळ्या घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभा राहू नकोस. रानातली मुळी वाळली की वजन साधारण एक तृतीयांश उरतं. म्हणून ओल्याचा भाव कानावर आला की त्याला तिनाने गुण आणि मग वाळल्याच्या भावाशी ताडून बघ. हे गणित न करणाऱ्यांच्या जिवावर काही व्यापारी मजेत जगतात.

धुताना ब्रशने घासायचं नाही. पाण्याच्या धारेखाली जाईल तेवढी माती जाऊ दे. मुळीवरच्या आडव्या वळ्यांत थोडी राहिली तरी चालते. मुळीच्या वरच्या टोकाची मान तर अजिबात मोडू नकोस. दरवर्षी खोड गळून मानेवर एक वण राहतो, त्यावरूनच वय मोजतात, आणि 5 वर्षांखालची जंगली मुळी निर्यात होत नाही. वाळवायला जाळी, सावली, खेळती हवा. ओव्हनचं नाव काढू नकोस.

तराजू स्वतःचा ठेव. दोन-तीन परवानाधारक व्यापाऱ्यांना विचार, आणि सरसकट भाव कबूल करण्याआधी जुन्या, वळ्यावळ्यांच्या मुळ्या बाजूला काढ. त्यांचे पैसे वेगळे मिळायला हवेत. भाव ठरतो तो हाँगकाँग-चीनच्या मागणीवर, गावातल्या कुजबुजीवर नाही. थांबायचं तर खुशाल थांब, पण 31 मार्चपर्यंत माल विकला नाहीस तर राज्याच्या वनखात्याकडून वजन करून पावती घ्यावी लागते. आणि हो, रोपाची लाल फळं खणल्या जागीच पुरायची. तसा कायदाच आहे.